पीक फ्लो म्हणजे नक्की काय? (भाताचं पीक नव्हे)

वहाळाकाठची | १४ जुलै, रात्री १०:४२

मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे. हसायचं असेल तर आधी हसून घ्या, पण मग उत्तर द्या.

आमच्या घरात दोन माणसं 'पीक फ्लो' मोजतात. लेक अकरा वर्षांची, तिला दमा आहे. जूनमध्ये डॉक्टरांनी प्लास्टिकचं एक नळकांडं दिलं. त्यात जोरात फुंकायचं, काटा सरकतो, थांबेल तो आकडा वहीत लिहायचा. नवरा सह्याद्रीच्या उतारावर एका संशोधन प्रकल्पात ओढे मोजतो. दाट जंगलातला एक वहाळ, आणि तोड होऊन काजू लावलेल्या शेजारच्या डोंगरावरचा दुसरा. त्याच्याही वहीत 'पीक फ्लो'.

परवा पहाटे पाचला लेकीला धाप लागली. फुंकवलं तर १८०. एरवी तीनशेच्या आसपास असते. नवरा साइटवर होता. मी घाबरून मेसेज टाकला, "पीक फ्लो १८०." उत्तर आलं, "वा, उतरला म्हणायचा! काल किती होता?"

काय बोलणार. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून पंप दिला, वीस मिनिटांनी २४० झाला, मग माझा जीव भांड्यात पडला आणि मग फोन करून मी जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

तर प्रश्न असे. एकच शब्द दोन्हीकडे का? मिनिटाला १८० लिटर म्हणे, माझ्या पोरीच्या छातीत १८० लिटर हवा मावते कुठे? आणि तिसरा खरा प्रश्न: दवाखान्यात सकाळी अकराला फुंकलं की २९० येतो, डॉक्टर म्हणतात उत्तम. घरी पहाटे दोनशेच्या खाली. खरं काय मानायचं?

---

तिरकस_बोळ | १४ जुलै, रात्री ११:०५

शीर्षक वाचून खताचा डोस सांगायला आलो होतो. असो.

"वा, उतरला" यासाठी नवऱ्याला शंभर गुण. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

स्टेथो_विसरलेला | १५ जुलै, सकाळी ७:२०

ताई, छातीच्या विकारांची प्रॅक्टिस करून निवृत्त झालोय. इथे औषध सांगणार नाही, मोजण्याबद्दल बोलतो.

आधी १८० लिटरचं. तो साठा नाही, वेग आहे. गाडीचा काटा ताशी ८० दाखवतो तेव्हा गाडी ८० किलोमीटर गेलेली नसते, तसंच. मुलीच्या एका फुंकीत एकूण दोनेक लिटर हवा बाहेर पडत असेल. पण फुंकीच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या एक-दशांश सेकंदाच्या आसपास, हवा सर्वांत जोरात सुटते. त्या क्षणाचा वेग तसाच मिनिटभर टिकला असता तर १८० लिटर झाले असते. सेकंदाला ३ लिटर म्हणा, म्हणजे भीती कमी वाटेल. मग फुंक लांबवत बसण्यात अर्थ नाही हेही लक्षात येईल. पीक म्हणजे इंग्रजीत शिखर, हवेच्या वेगाचं असो की ओढ्याच्या पाण्याचं; आणि फुंकीत ते सुरुवातीलाच येऊन गेलेलं असतं.

दम्यात श्वासनळ्या आतून सुजतात, भोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साचतो. वाट अरुंद झाली की हा सर्वोच्च वेग पडतो. म्हणून इथे आकडा उतरणं वाईट. तुमच्या यजमानांच्या ओढ्यात चढणं वाईट. शब्द एक, भीतीची दिशा उलटी.

आता पद्धत, कारण निम्म्या वह्या इथेच चुकलेल्या असतात. उभं राहायचं (बसलात तर ताठ, आणि रोज तसंच). काटा शून्यावर. पूर्ण श्वास आत. ओठ नळीभोवती घट्ट, जीभ आत घुसवायची नाही. एकदम, धाडकन. तीन वेळा. तिन्हींतला *सर्वांत मोठा* आकडा लिहायचा. सरासरी काढायची नाही.

---

वहाळाकाठची | १५ जुलै, सकाळी ८:०१

अरे देवा. मी महिनाभर सरासरी लिहितेय.

---

स्टेथो_विसरलेला | १५ जुलै, सकाळी ८:१५

काही बिघडलं नाही. आजपासून तिन्ही लिहा, मोठ्याभोवती गोल करा. आणि मुलगी गाल फुगवून थुंकल्यासारखं 'थुक्' करते का तेवढं बघा. मुलं हे पटकन शिकतात. त्याने आकडा खोटा वर जातो आणि आईबाप खूश होतात.

तिसरा प्रश्न सर्वांत चांगला, पण नातू आंघोळीला बोलावतोय. रात्री लिहितो.

---

पंचगंगाकाठ | १५ जुलै, सकाळी ९:३३

आमच्या कोल्हापुरात जुलै-ऑगस्टात सकाळी उठल्या उठल्या एकच प्रश्न, "राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फुटाला?" ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ ला ५५ च्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या वर. त्या वेळी आम्ही भाचीच्या घरी माळ्यावर.

सांगलीत आयर्विन पुलापाशी इशारा ४० ला, धोका ४५ ला. सांगलीचा मेहुणा फोनवर म्हणतो, "आमच्याकडं अजून ४२ च आहे." म्हटलं, बाबा, तुझे ४२ आणि माझे ४२ एक न्हाईत. प्रत्येक पुलाचं शून्य वेगळं.

दम्याच्या पोराचं बी असंच असतंय का? म्हणजे शेजारच्या पोराचे ३०० आणि हिचे ३००?

---

स्टेथो_विसरलेला | १५ जुलै, रात्री ९:५०

पंचगंगाकाठ, अगदी हेच लिहायला बसलो होतो, तुम्ही सोपं केलंत.

उंची, वय आणि लिंग यांवरून अपेक्षित आकड्यांचे तक्ते असतात. लहान मुलांत मुख्यतः उंची. पण तक्ता म्हणजे सरासरी माणूस. त्याहून कामाची मुलीची स्वतःची सर्वोत्तम पातळी. दमा आटोक्यात असताना दोन-तीन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ मोजायचं, त्यातला सर्वांत वरचा आकडा हे तिचं शून्य समजा, पुलाच्या भाषेत. मूल वाढतं, तसं ते पुन्हा ठरवावं लागतं.

समजा तिची सर्वोत्तम ३१०. ८० टक्के म्हणजे २४८, त्याच्या वर हिरवा पट्टा. २४८ ते १५५ पिवळा, म्हणजे इशारा पातळी. १५५ च्या खाली, निम्म्याहून कमी, लाल. धोका. परवाचे १८० पिवळ्यातले खालचे. कुठल्या पट्ट्यात काय करायचं हे तुमच्या डॉक्टरांकडून *कागदावर* लिहून घ्या. पहाटे पाचला तोंडी सूचना आठवत नाहीत.

आणि एक ठळक सांगतो. मूल वाक्य पुरं करू शकत नाहीये, ओठ निळसर दिसतायत, बरगड्यांमध्ये खड्डे पडतायत, पंपाने उतार नाही, अशा वेळी नळी शोधत बसायचं नाही. पंप देत देत सरळ दवाखाना गाठायचा. पूर दारात आल्यावर फूटपट्टी घेऊन कोण उभं राहतं?

आता अकरा वाजताचा प्रश्न. श्वासनळ्यांना दिवसाची लय असते. पहाटे चारच्या सुमारास त्या सर्वांत अरुंद, दुपारी सर्वांत मोकळ्या. निरोगी माणसातही थोडा फरक असतो, दम्यात तो मोठा होतो. तुमच्या वहीत संध्याकाळी २९५, सकाळी २३० असेल तर फरक ६५, दोघांची सरासरी २६२.५, म्हणजे जवळजवळ २५ टक्के. दोन आठवड्यांची अशी रोजची सरासरी मोठ्यांत १० आणि मुलांत १३ टक्क्यांच्या वर राहिली तर चढउतार जास्त मानतात. अकराचे २९० खोटे नाहीत. डॉक्टर चुकीच्या वेळी बघतायत एवढंच, आणि दुसरी वेळ त्यांच्याकडे नाही. म्हणून तर वही दिली.

---

व्हीनॉच | १६ जुलै, रात्री ११:१८

नमस्कार. मीच तो "वा, उतरला" वाला.

बचावात एवढंच सांगतो की सकाळी पावणेसहाला एका हातात टॉर्च आणि पायाला तीन जळवा असताना मेसेज वाचला. बायकोने माफ केलंय असं ती म्हणते.

डॉक्टरकाकांचा शेवटचा परिच्छेद वाचून मात्र बसल्या जागी उठलो, कारण आमच्या कामातलं पहिलं दुखणं हेच. लहान ओढ्याचं शिखर वाट बघत नाही. आमच्या काजूच्या डोंगरावर जोराची सर आली की अर्ध्या-पाऊण तासात पाणी चढून उतरायलाही लागतं. आधी माणूस दर तासाला पट्टी वाचायचा. दहाला गुडघाभर, अकराला गुडघाभर. वही बघून वाटायचं काही झालंच नाही. आणि काठावरच्या झुडपांत मात्र कंबरेएवढ्या उंचीवर पालापाचोळा अडकलेला. शिखर दहा-पस्तीसला येऊन गेलं होतं. आता दर पाच मिनिटांनी नोंद करणारं यंत्र आहे (खेकडे त्याच्या पाइपात घर करतात, तो वेगळा धागा होईल).

म्हणजे ओढ्याचं पहाटे पाच आणि दवाखान्याचं सकाळी अकरा! बायकोला म्हटलं, तुझा तिसरा प्रश्न माझाच होता.

मोजतो कसा, तर ओढ्यावर छोटा बंधारा आणि त्यात इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच. तिच्यातून जाणाऱ्या पाण्याची उंची मोजायची, उंचीवरून प्रवाह काढायचा. ९० अंशांच्या खाचेत पाणी २५ सेंटिमीटर असेल तर सेकंदाला साधारण ४३ लिटर. ५० सेंटिमीटर झालं तर ८६ नाही, जवळजवळ २४४! उंची दुप्पट, पाणी साडेपाच पटींहून जास्त. म्हणून "फूटभरच वाढलंय" म्हणत ओढा ओलांडणाऱ्यांचा मला राग येतो.

---

निवृत्त_पाटबंधारे | १७ जुलै, सकाळी ६:४०

चांगला धागा. वेग आणि साठा यांची गल्लत फक्त ताईंची नाही, वर्तमानपत्रंही रोज करतात. "धरणातून २५ हजार क्युसेक पाणी सोडले." अहो, किती वेळ? क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. ११,५७४ क्युसेक अखंड २४ तास चालला तर एक टीएमसी, म्हणजे शंभर कोटी घनफूट, होतो. तासभर सोडलं तर त्याचा चोविसावा भाग. कोयनेचे १०५ टीएमसी हा साठा, दरवाजांतून सुटणारा विसर्ग हा वेग. फुप्फुस आणि फुंक.

आम्ही पूल-मोऱ्या बांधायचो तेव्हा ओढ्यावर यंत्र कुठलं? सूत्रावर काम. आपल्या घाटासाठी इंग्लिस साहेबांचं. हे सर क्लॉड इंग्लिस म्हणजे खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्राला नाव मिळवून देणारे. क्षेत्रफळाला १२४ ने गुणायचं, क्षेत्रफळात १०.४ मिळवून वर्गमूळ काढायचं, त्याने भागायचं. क्षेत्र चौरस किलोमीटरमध्ये, उत्तर घनमीटर प्रति सेकंद.

१० चौ. किमी.ला उत्तर येतं सुमारे २७५. १०० ला सुमारे ११८०. क्षेत्र दसपट, पूर सव्वाचारपट. कारण सगळ्या ओहोळांची शिखरं एका वेळी खाली पोचत नाहीत आणि सर सगळीकडे सारखी पडत नाही. म्हणून एकेक चौरस किलोमीटरमागे हिशेब केला तर छोटा ओढा मोठ्या नदीपेक्षा तापट. लोक नदीला भितात आणि ओढ्यात गाडी घालतात.

(सूत्रात जंगल आहे की नाही याला जागाच नाही, हे चाणाक्षांच्या लक्षात आलं असेल.)

---

तिरकस_बोळ | १७ जुलै, सकाळी १०:१२

बरं, मुद्द्यावर येऊ. जंगल स्पंजासारखं पाणी धरतं, तोड झाली म्हणून पूर येतात, हे शाळेपासून ऐकतोय. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं ते डोंगर बोडके झाल्यामुळेच. व्हीनॉच, तुमच्या दोन ओढ्यांनी हे सिद्ध झालं का? हो किंवा नाही.

---

व्हीनॉच | १७ जुलै, रात्री १०:५५

हो आणि नाही.

जूनमध्ये पहिल्या सरी येतात तेव्हा दोन ओढ्यांत आभाळ-जमिनीचा फरक. काजूच्या डोंगरावर लाल पाणी खळाळत येतं, शिखर टोकदार, सुईसारखं. जंगलातल्या वहाळाला जाग यायलाच वेळ लागतो. शिखर बुटकं आणि उशिरा. पाचोळा, मुळांनी केलेली भोकं, गांडुळं, वारुळं यांमुळे पाणी जमिनीत मुरतं.

जुलैच्या शेवटी दोन दिवसांत चारपाचशे मिलिमीटर झाला की दोघांची शिखरं जवळ जवळ येतात. जंगलाची जमीनही तोवर तुडुंब झालेली असते. भिजलेल्या गोधडीवर आणखी पाणी ओता, खालून तेवढंच गळणार. आमची नोंद तीनच पावसाळ्यांची आहे, यावर पैज लावणार नाही. पण जगभर बऱ्याच ठिकाणी असंच दिसलंय: लहान आणि मध्यम पुरांवर जंगलाचा हात मोठा, अतिवृष्टीच्या महापुरावर कमी. २००५ साली एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) आणि सिफोर (आंतरराष्ट्रीय वनसंशोधन केंद्र) या संस्थांनी मिळून केलेल्या अहवालाचाही सूर हाच होता.

चिपळूणला त्या दिवशी घाटात कोसळलेला पाऊस, खाडीची भरती, गाळाने उथळ झालेली वाशिष्ठी, पात्राला चिकटलेली वस्ती, सगळं एकदम आलं. त्यात बोडक्या डोंगरांचा वाटा आहेच, गाळ तिथूनच येतो. पण "मुळेच" हा शब्द मला झेपत नाही.

---

ओरेगावकर | १८ जुलै, पहाटे ४:३० (आमच्याकडे दुपार)

मूळचा गोरेगावचा, आता ओरेगनात, म्हणून हे नाव. वनखात्याशी संबंधित काम करतो, तेव्हा राहवलं नाही.

"हो आणि नाही" वर इथे आयुष्यं गेलीत. कॅस्केड डोंगरात एच. जे. अँड्रूज हे प्रयोगवन आहे. शेजारशेजारचे तीन ओढे घेतले. काही वर्षं तिघांना नुसतं मोजलं, मग १९६० च्या दशकात एकाचं पाणलोट पूर्ण तोडलं, एकात रस्ते काढून चौथाई तोडलं, एकाला हातच लावला नाही. न तोडलेल्याशी तुलना करत बसायचं. जोडीने ओढे मोजण्याची ही रीत त्याहून जुनी आहे. अमेरिकेत कोलोराडोत वॅगन व्हील गॅपला १९१० मध्ये सुरू झाली.

१९९६ मध्ये जोन्स आणि ग्रँट यांनी अँड्रूजचे आणि आसपासच्या मोठ्या खोऱ्यांचे आकडे मांडून लिहिलं की तोड आणि रस्ते यांनी शिखरं लहान पाणलोटांत ५० टक्क्यांपर्यंत आणि मोठ्या खोऱ्यांत १०० टक्क्यांपर्यंत वाढली. दोनच वर्षांनी थॉमस आणि मेगाहन यांनी *तेच आकडे* पुन्हा तपासले. त्यांचं म्हणणं, लहान शिखरं वाढली हे खरं, पण पूर जसा मोठा तसा परिणाम पुसट होत जातो, आणि मोठ्या खोऱ्यांबद्दल ठाम काही म्हणता येत नाही. पाणी तेच, वह्या त्याच, भांडण वेगळं.

तिरकस_बोळ, तुम्ही हो-नाही मागताय म्हणून सांगितलं.

एक मात्र दोन्ही बाजूंच्या बोलण्यात आहे: रस्ते. डोंगर कापून रस्ता काढला की जमिनीखालून सावकाश जाणारं पाणी कापलेल्या कडेतून बाहेर येतं, गटारीला लागतं आणि धावत ओढ्यात पोचतं. झाडं परत वाढतात, रस्ता तसाच राहतो.

---

पंचगंगाकाठ | १८ जुलै, सकाळी ९:०२

ओरेगावकर, नावाला +१००.

---

वहाळाकाठची | १८ जुलै, दुपारी २:२०

मी धागा दम्यासाठी काढला होता याची नम्र आठवण. 😄

पण काल ह्यांनी गोधडीचं सांगितलं आणि माझ्या डोक्यात काहीतरी जुळलं. मला कळत नव्हतं की जूनमध्ये शेजारच्यांनी अगरबत्ती लावली तरी लेकीला काही व्हायचं नाही आणि आता फोडणीच्या ठसक्याने पहाटेपर्यंत खोकते. फोडणी तीच! म्हणजे तिची जमीन आधीच भिजलेली आहे, असंच ना? पंधरा दिवसांपूर्वी सर्दी झाली होती, भिंतीला ओल आलीय, आणि (आता ओरडा खाणार) रोजचा पंप मी आठवडाभर बंद ठेवला होता. सासूबाई म्हणाल्या, सवय लागेल.

---

स्टेथो_विसरलेला | १८ जुलै, रात्री ९:१५

ओरडत नाही. ही कबुली माझ्यासमोर रोज पाच-सहा जणी द्यायच्या, फरक इतकाच की त्या अर्ध्या तासाने द्यायच्या.

ताई, तुमची तुलना बरोबर आहे. आत सूज असेल तर लहान कारणाने मोठा झटका येतो. धापेच्या वेळचा पंप आवळलेले स्नायू सैल करतो, म्हणजे तुंबलेलं पाणी वाट करून काढतो. रोजचा पंप सूज उतरवतो. तो लगेच काही करताना दिसत नाही, म्हणून तोच आधी बंद होतो. त्याची 'सवय' लागत नाही. चष्म्याची लागते तेवढीच. घेतल्यावर चूळ भरायला मात्र सांगा, नाहीतर तोंडात बुरशी येते. सासूबाईंना माझा नमस्कार आणि हे वाचून दाखवा.

पण भिजलेल्या गोधडीची उपमा एका ठिकाणी सोडून द्या. ओढ्यात माणसाच्या मनाचा प्रश्न नसतो. फुंकीत असतो. हा आकडा जोर लावण्यावर अवलंबून आहे. कंटाळलेलं, रुसलेलं, शाळा बुडवायची असलेलं मूल कमी फुंकतं. शिवाय ही नळी मुख्यतः मोठ्या श्वासनळ्यांचं बोलते, बारीक नळ्यांतलं तिला फारसं कळत नाही. त्यासाठी स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रावर फुंकून करायची फुप्फुसांची सविस्तर तपासणी. निदान एकट्या नळीवर करू नये, आणि मुलीचा चेहरा व आकडा यांचं पटत नसेल तर चेहऱ्यावर विश्वास ठेवा.

---

वर्धेचा_पाहुणा | १९ जुलै, सकाळी ११:४५

माही पिठाची गिरणी आहे. चाळिशीत खोकला लागला, लोकं म्हणे तंबाखूचा. मी तर तंबाखू खातच नाही भाऊ! मंग डॉक्टरनं हेच नळकांडं देल्लं. दिवसातून चार वेळा फुंकाचं, चार आठवडे, आन् गिरणी चालू होती का बंद तेही लिहाचं. कागदावर रेघ काढली त पहा ना, सहा दिवस उतरत जाए, सोमवारी गिरणी बंद असली का वर चढे. पोळ्याच्या सुट्टीत त एकदम चांगला. आकडा एकेकटा पाहिला असता त कोनालेच काही समजलं नसतं. आता पोरगा गिरणी पाहते, मी मास्क लावून बाहेर हिशोबाले बसतो.

---

निवृत्त_पाटबंधारे | १९ जुलै, दुपारी १:१०

वर्धेकर, रेघेची गोष्ट लाखमोलाची. शिखराचा आकडा सगळ्यांना पाठ असतो, रेघ कोणी बघत नाही.

---

यारातीरी | २० जुलै, सकाळी ५:५५

मेलबर्नहून. पाऊस आणि दमा यांची गाठ इथे फार वाईट पडली होती, म्हणून लिहिते.

२१ नोव्हेंबर २०१६, संध्याकाळ. दिवसभर रणरणतं ऊन, मग अचानक वादळ. हा इथला राय गवताच्या परागांचा मोसम. पराग ओले होऊन फुटले, बारीक कण झाले आणि वादळाच्या वाऱ्याबरोबर शहरभर पसरले. अख्खा परागकण नाकातच अडकतो, हे कण थेट छातीत उतरतात. हजारो लोक दवाखान्यांत, रुग्णवाहिका पुरेनात, दहा जण गेले. बऱ्याच जणांना दमा आहे हे माहीतच नव्हतं, फक्त दरवर्षी शिंका यायच्या. तेव्हापासून इथे मोसमात वादळी दम्याचा अंदाज जाहीर होतो, हवामानासारखा.

तेव्हा माझी पीक फ्लोची नळी तीन वर्षं ड्रॉवरमध्ये पडून होती. आता फ्रीजवर असते.

---

वहाळाकाठची | २० जुलै, सकाळी ८:३०

बाप रे. आमच्याकडे भिंतीवरच्या बुरशीची काळजी होती, आता गवताचीही.

काका, एक विचारायचं राहिलं. नळी लेकीच्या हातून पडून तडकली. दुकानात वेगळ्या कंपनीची मिळाली. त्यात ती २७० च फुंकतेय, पण एकदम ठणठणीत आहे.

---

स्टेथो_विसरलेला | २० जुलै, रात्री ८:४०

नळी बदलली की शून्य बदललं. दोन नळ्यांत फरक असतो, आणि जुन्या-नव्या मोजपट्ट्याही वेगळ्या आहेत. २००४ मध्ये ब्रिटनने नवी युरोपीय मोजपट्टी घेतली, तेव्हा जुन्या वह्यांतले आकडे नव्या नळीशी थेट जुळत नव्हते. दमा आटोक्यात असेल तेव्हा या नळीवर दोन-तीन आठवडे मोजून नवी सर्वोत्तम पातळी ठरवा. तोवर जुने पट्टे लावू नका.

अवांतर: ही नळी आधी दम्यासाठी नव्हतीच. मार्टिन राइट नावाचे संशोधक वेल्समध्ये कोळसा खाणकामगारांच्या फुप्फुसांवर काम करणाऱ्या केंद्रात होते. त्यांनी मॅकेरो यांच्यासह १९५९ मध्ये पहिला मीटर मांडला. तबकडीएवढा, धातूचा, चांगला जड. खिशात मावणारी प्लास्टिकची आवृत्ती सत्तरच्या दशकात आली. मी शिकत असताना वॉर्डात तो जुना एकच होता आणि सिस्टर त्याला कुलपात ठेवत.

---

व्हीनॉच | २० जुलै, रात्री ११:३०

मोठा पूर येऊन गेला की ओढ्याचा तळ खरवडतो किंवा गाळाने भरतो. मग कालच्या ५० सेंटिमीटरला आज तेवढंच पाणी नसतं. तक्ता नव्याने करावा लागतो. आम्ही गेल्या वर्षी दोन महिने हे विसरलो होतो. तेव्हा डॉक्टरकाका नव्हते.

---

तिरकस_बोळ | २१ जुलै, सकाळी १०:०५

कबूल, "मुळेच" मागे घेतो. "मुळेही" ठेवू द्या.

---

वहाळाकाठची | ९ ऑगस्ट, रात्री ९:२०

धागा वर काढतेय.

रोजचा पंप तीन आठवडे न चुकता. सकाळ-संध्याकाळचा फरक ९ टक्क्यांवर आलाय. नव्या नळीवरची तिची सर्वोत्तम २९०. हिरवा-पिवळा-लाल पट्टा लेकीनेच स्केचपेनने रंगवला, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद त्याच्याशेजारी फ्रीजवर. सासूबाई आता तिला विचारतात, "बंधाऱ्याला किती?"

घरात नियम झालाय. मेसेजमध्ये नुसतं 'पीक फ्लो' लिहायचं नाही. लेकीचा 'फुंक' आणि ह्यांचा 'लोंढा'.

आज सकाळी फुंक २८५.

---

व्हीनॉच | ९ ऑगस्ट, रात्री ११:०२

लोंढा सांगता येत नाही. पट्टी वाहून गेली.